सहावा नंबर कुणालाच नाही

सिद्रामअण्णा पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या सायकलकडे बघितलं. दोन्ही चाकं हातानं फिरवून पाहिली, गिअर खटखट करून पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, सायकल अ गटातली हाय. तुमी तेवढं क मधी उभं ऱ्हावा."

मी बँकेत नोकरी करते. चाळिशीत डॉक्टरांनी वजनावरून दम भरला, तेव्हा तिरीमिरीत भारीतली सायकल घेतली आणि आमच्या सोलापुरातल्या हौशी क्लबच्या रविवारच्या शर्यतीला अक्कलकोट रोडवर जाऊन उभी राहिले. सायकलकडे बघून तरी मधल्या गटात घेतील अशी माझी समजूत. अण्णांनी माझ्या पाठीवर नंबराचं फडकं टाचलं आणि सगळ्यात मागच्या घोळक्याकडे बोट दाखवलं. कुंभारी गावाच्या अलीकडेच माझा जीव घशाशी आला. दूधवाले, कॉलेजची पोरं, एक रिटायर्ड हेडमास्तर, सगळे मला मागे टाकून गेले. अण्णा बरोबर ओळखून होते, आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता.

भवानी पेठेत त्यांचं शिलाईच्या सामानाचं दुकान होतं. बटणं, दोरे, अस्तर, चेन. साठी ओलांडलेली, पण पोटाचा पत्ता नाही. मिशा पांढऱ्या आणि पोटऱ्या विशीतल्या. गिऱ्हाइकाला अस्तराचा रंग जुळवून देता देता रविवारचा निकाल सांगायचे, आणि गिऱ्हाईकही बिचारं ऐकून घ्यायचं, कारण त्याशिवाय सुटका नसे. क्लब त्यांनीच चार मित्रांना घेऊन काढलेला, शर्यतीचे पंच तेच, आणि गटांचे नियमही त्यांनीच बसवलेले. स्वतः मात्र पहिल्या दिवसापासून अ गटात पळत होते.

नियम तसे सोपे. नवा माणूस, मग तो कुणी का असेना, क गटात. दर शर्यतीत प्रत्येक गटातल्या पहिल्या सहांना पॉइंट, पहिल्याला भरपूर, सहाव्याला एकच. वीस साठले की वरचा गट. पण पॉइंटाचं आयुष्य एका वर्षाचं. वर्ष झालं की ते गळून पडायचे, आणि अ गटातल्या माणसाकडे एकही जिवंत पॉइंट उरला नाही, तर त्यानं ब मध्ये उतरायचं. शिवाय गटात पंधराजण तरी पळाले पाहिजेत, नाहीतर मिळालेले पॉइंट निम्मे. "पॉइंट म्हंजे काय?" असं अण्णा प्रत्येक नव्याला विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगत, "तुमच्या मागं किती जण ऱ्हायले त्याचं माप. मागं कुणीच नसंल तर पयला आला काय आन् घरी झोपला काय, सारखंच की."

या निम्म्याच्या नियमानं एकदा मोठी गंमत केली. कुंभारीचा बसू म्हणून एक दूधवाला होता. तेव्हा तो ब गटात होता आणि एक शर्यत जिंकली की अ मध्ये जाणार होता. त्या दिवशी कुणाकुणाकडे लग्नं होती, ब गटात माणसंच कमी. बसूनं गावात फोन लावला आणि अर्ध्या तासात त्याचे चुलतभाऊ, मावसभाऊ आपापल्या सायकली घेऊन हजर. एकाच्या कॅरिअरला दुधाच्या किटल्या तशाच लटकत होत्या, एक लुंगीवर आला होता. आम्हाला वाटलं, अण्णा हाकलून देणार. त्यांनी एकेकाच्या पाठीवर शांतपणे नंबर टाचला. बसू जिंकला. पण भाऊमंडळी काही येईनात. जाऊन बघितलं तर सगळे वाटेतल्या हॉटेलात चहा-भजी खात बसलेले.

"निम्मे पॉइंट," अण्णा म्हणाले.

"का बरं? पंदरा भरले की अण्णा!" बसू उसळला.

"भरतीला माणसं आणलास, चालतंय. किटली घिऊन पळंना का कुणी. पण पळाय पायजे की बे. भजी खायला बसल्यावर ते गिऱ्हाईक झाले, खेळाडू कुटं ऱ्हायले?"

बसू महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. पुढे त्यानं पॉइंट रीतसर मिळवले, अ गटात गेला आणि पहिल्याच दिवशी अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याला उठवून सांगितलं, "पाया पडायला वेळ हाय तुला, म्हंजे दम उरलाय. अजून जोरात पळायचं हुतं."

दोन वर्षांनी मीही ब मध्ये गेले. बँकेत, शेजारी, सासरी, सगळीकडे पेढे वाटले. नवरा म्हणाला, प्रमोशनलासुद्धा तू एवढे वाटले नव्हतेस. खरं होतं ते. प्रमोशन नोकरीच्या वर्षांवर मिळालं होतं. इथे मी माणसं मागे टाकली होती.

त्याच सुमाराला अण्णांचा गुडघा धरला. अ गटातली पोरं तोवर फार जोरात निघाली होती. अण्णा नववे, दहावे येऊ लागले. जुने पॉइंट एकेक करून गळत गेले आणि हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला त्यांच्याकडे एकही उरणार नव्हता. त्या दिवशी निदान सहावा नंबर यायला हवा, नाहीतर अण्णा ब मध्ये. क्लब काढणारा माणूस खालच्या गटात उतरणार हे कुणालाच सोसेना. आम्ही चारपाच जण दुकानात गेलो आणि सुचवलं, की तुमच्यापुरता मानाचा गट ठेवू.

त्यांनी हातातला दोरा खाली ठेवला. "मानकऱ्याला कोण मागं टाकत न्हाय बे. मंग त्यानं पळायचं कशाला? हार घालून घ्यावा आन् घरी बसावं."

शेवटच्या शर्यतीला माझा गट आधी येऊन गेला होता, म्हणून मी रेषेजवळ उभी होते. अ गटातले पाच जण एकत्र आले आणि गेले. मग लांबवर तिघं दिसले. पुढे बसू, त्याच्या चाकाला चिकटून एक कॉलेजचा पोरगा आणि थोडं मागे अण्णा. मान खाली घातलेली, तोंड उघडं. रेषा हाकेच्या अंतरावर आली आणि बसूनं पाय थांबवले. पोरानंही थांबवले. दोघंही वाकून आपापली साखळी न्याहाळू लागले. अण्णा त्यांच्या शेजारून पुढे गेले, सहावे आले. आम्ही नाचलो, शिट्ट्या मारल्या. मी तर रडलेच.

अण्णा धापा टाकत परत फिरले. "दोघांची साखळी एकदमच उतरली व्हय?" त्यांनी बसूच्या सायकलचं मागचं चाक उचललं, हातानं पायडल फिरवलं. चाक झकास फिरलं. मग पोराचंही बघितलं. तेही तसंच फिरलं.

मुद्दाम पाय थांबवणाऱ्याला त्या दिवशीच्या निकालातून बाद करायचं, हाही अण्णांचाच नियम. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसून विचार करत राहिले. "तुमाला बाद केलं तरी मीच सहावा. न्हाय केलं तरी मीच सहावा. चांगलं अडकवलाव की मला." मग उठले आणि पंचाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हे दोघं बाद. आन् सहावा नंबर आज कुणालाच न्हाय."

"अण्णा, आमी खुशीनं दिलाय," बसू अगदी काकुळतीला आला.

"खुशीनं दिलेला पॉइंट अंगाला लागत न्हाय, बसू."

मला राहवलं नाही. हा नुसता हट्टीपणा आहे, एका पॉइंटानं कुणाचं काय बिघडणार आहे, असं मी सगळ्यांदेखत बोलून गेले. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुमी ब मधी आलाव तवा पेढे वाटलाव. मी अ मधी फुकट बसून ऱ्हायलो, तर तुमचे पेढे खोटे हुतील की."

पुढच्या हंगामात ते माझ्या शेजारी, ब गटात उभे राहिले. मला वाटलं होतं, खचतील. उलट माणूस वयानं कमी झाल्यासारखा दिसायला लागला. अ गटात त्यांना फक्त टिकायचं असे. इथे चढायला जागा होती. पहिल्याच शर्यतीत मला मागे टाकताना ओरडले, "वाऱ्याला छाती नका देऊ मॅडम, माज्या आडोशाला या!" मी आडोशाला गेले, आणि शेवटच्या वळणावर मला तिथेच सोडून ते पुढे पळाले. चौथे आले. इतका लबाड आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. वर्षभर ते एकेक पॉइंट वेचत राहिले. आता थोडेच उरलेत, असं दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत.

ते थोडे राहूनच गेले. एका सकाळी दुकान उघडताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

क्लबातल्या पोरांनी पेठेच्या कोपऱ्यावर मोठा फ्लेक्स लावला. हेल्मेट घातलेले अण्णा, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात 'अ गट'. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, महादेवीकाकू, तिथून चालल्या होत्या. मी आणि बसू बरोबर होतो. काकूंना सायकलीतलं फारसं कळत नसावं असा माझा समज होता. त्या थांबल्या, वर बघत राहिल्या.

"ते अ कुणी लिवलं?"

"आमीच, काकू," बसू म्हणाला. "आमाला ते कायम अ गटातलेच."

"ब मधी हुते ते. अजून तीन पायजेत, तीन पायजेत म्हणून रोज जीव खायचे माजा." काकूंचा आवाज चढला. "त्यांनी मिळवलं न्हाय, ते तुमी कशाला चिकटवता? काडा ते."

बसूनं समोरच्या दुकानातून शिडी आणली. अ वर पांढरा कागद डकवला आणि मार्करनं ब काढला.

"आन् पॉइंट?" काकूंनी खालून विचारलं.

बसूनं शेजारी लिहिलं, सतरा पॉइंट. काकूंनी ते दोनदा वाचलं, मान हलवली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तोंडाला पदर लावून रडल्या.