वेळेअभावी

जळगावात रेडिओवर मी शेतकऱ्यांच्या गप्पांचा कार्यक्रम करायची, तेव्हाची गोष्ट. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नोकरी कायमची नव्हती, कार्यक्रमागणिक बोलावणं यायचं. पण तोरा असा, की जणू बठ्ठा खानदेश, म्हणजे आमच्या बोलीत सगळाच्या सगळा, माझ्याच तोंडाकडे बघत बसलाय.

एकदा आमच्या कार्यक्रम अधिकारी साहेबांनी विषय दिला: केळी सोसायटीमार्फत वॅगनने पाठवावी, की व्यापाऱ्याला बागेतच द्यावी? विषय शेतीचा खरा, पण माझ्या माहेरी, चोपड्याकडे, सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि याच प्रश्नावर दोन पॅनल उभी होती. व्यापाऱ्यांच्या बाजूने एक वयस्कर नाना आले. सोसायटीच्या बाजूने आला माझा सख्खा थोरला भाऊ. त्याला साहेबांनीच बोलावलं होतं. तो माझा भाऊ आहे, असं मी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "मग काय झालं? निवडणुकीचं नाव काढायचं नाही, बस."

मला मात्र धास्ती वेगळीच होती. लोक म्हणणार, बहिणीने भावाला रेडिओवर चढवलं. म्हणून लाल दिवा लागल्याबरोबर मी त्याला अहो-जाहो सुरू केलं, जन्मात पहिल्यांदा. तो माझ्याकडे बघतच राहिला. नानांना मी मनसोक्त बोलू दिलं आणि भावाला तीनदा तोडलं. तिसऱ्या वेळी त्याचा हात तसाच वर राहिला आणि मी "वेळेअभावी इथेच थांबू या" म्हणून मोकळी झाले.

कार्यक्रम लागल्यावर आठवड्याभरात दोन्हीकडची पोस्टकार्डं आली. एकात होतं, या बाई भावाच्या पॅनलच्या, त्यांना माईकवरून काढा. दुसऱ्यात, या बाई व्यापाऱ्यांना फितूर, सख्ख्या भावाला बोलू दिलं नाही. साहेब हसले. म्हणाले, "दोघंही शिव्या देतायत, म्हणजे तुमचा काटा बरोबर मधोमध आहे." मला इतकं बरं वाटलं, की ते वाक्य मी घरीदारी चार जणांना ऐकवलं.

पण भावाचं पत्र येईना. निवडणूक झाली, त्याचं पॅनल निवडून आलं, तेही मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. आणि आखाजी जवळ आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जातात आणि न्यायला भाऊ येतो, मुऱ्हाळी म्हणून. माझं लग्न झाल्यापासून तो एकदाही चुकला नव्हता. आता तोच आला नाही, तर आपण होऊन कोणत्या तोंडाने जायचं? सासूबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा चिडले. आतून हादरले होते, दुसरं काय.

त्याच दिवसांत केंद्रात जुन्या टेपा पुसायला काढल्या होत्या, कारण त्याच परत वापरायच्या असत. ढिगात आमची टेप दिसली. पुसण्याआधी मी ती लावली. स्वतःचा आवाज ऐकून आधी जरा सुखावलेच, खोटं कशाला बोलू. मग ती तिसरी वेळ आली. भाऊ म्हणत होता, "पण आमच्याबी लोकांचं एक चुकतं, ते म्हणजे..." आणि त्याच्यावर माझा गोड आवाज, वेळेअभावी. त्यानंतर चांगली दीड मिनिटं मी एकटीच सगळ्यांचे आभार मानत होते.

अख्ख्या कार्यक्रमात आपल्या बाजूची चूक सांगायला निघालेला तो एकटाच, आणि मी नेमकं त्यालाच गप्प केलं होतं. दोन पोस्टकार्डांच्या मधे उभी राहून स्वतःला न्यायी समजत होते. मला फार लाज वाटली. काट्याचं ते वाक्य पुन्हा कोणाला ऐकवलं नाही.

तो आला. आखाजीच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, दरवर्षीसारखा. सासूबाईंनी दिलेलं पाणी प्यायला आणि मला एवढंच म्हणाला, "चाल." एसटीत जागा मिळाली, तिकिटं काढून झाली. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. मी टेप ऐकली. आपल्या लोकांचं काय चुकतं म्हणत होतास?"

त्याने सांगितलं. वॅगन भरताना आपल्याच पॅनलवाल्यांचे घड आधी चढतात आणि बाकीच्यांचे मालधक्क्यावर उन्हात काळे पडतात. निवडून यायच्या आधीच हे कबूल करायचं, म्हणजे नंतर मागे फिरता येणार नाही, असं त्याने ठरवलं होतं. आता निवडून आलेले कोणी ऐकत नव्हते. तो बोलत असताना मी मधे एक शब्द काढला नाही. त्याचं झाल्यावर म्हटलं, "बरं झालं, मला सांगितलंस."

तो खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत होता. म्हणाला, "माले तुले सांगानं नव्हतं, बाई. बठ्ठासले सांगानं व्हतं."