पुढचा राजीनामा कधी

आमच्या शिरूरच्या सहकारी तेलगिरणीच्या चेअरमननी एकोणीस वर्षं खुर्ची सांभाळल्यावर, चौऱ्याहत्तर साली, अचानक राजीनामा दिला. गिरणी बुडणार म्हणून सभासदांनी शंभराचे शेअर चाळिसाला विकले. मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापणाऱ्या प्रेमाबाईंनी मात्र आपले दोन शेअर सोडले नाहीत. "म्या पैसं गिरणीत घातल्यात, मान्सात न्हाई," असं त्या ठणकावून सांगत.

आठवड्यात कार्यकर्त्यांच्या आग्रहाचं निमित्त करून चेअरमननी राजीनामा मागं घेतला. विकलेले सगळे शेअर त्यांच्याच मेव्हण्यानं घेतल्याचं तेव्हा कळलं. आणि ज्यांचे गेले तेच निर्लज्जासारखे चेअरमनच्या सत्काराच्या सभेत हार घेऊन पुढं. माझं डोकं फिरलं.

प्रेमाबाई उठल्या. "साहेब, म्होरला राजीनामा कवा देताय ते आधी सांगा. आमालाबी शेअर स्वस्तात घ्यायचेत."