सोनूने पुसलेली काच

भूतखेत मी मानत नाही. आजही नाही. वेवजी गावात राहतो, शिक्षण तिसरी, तेव्हा लिहिण्यातलं सांभाळून घ्या.

साठ सालानंतर मी एका शेठच्या लॉरीवर ड्रायव्हर होतो. डहाणूच्या वाडीत चिकू भरायला लॉरी झाडाखाली लावली. वर फळं तोडत होते, त्यांचा चीक समोरच्या काचेवर टपटपला आणि उन्हात वाळला. घरी आल्यावर बायको, सोनू, म्हणाली, रॉकेलचं फडकं थोडा वेळ चिकटवून ठेवा, आपोआप सुटेल.

मी ऐकलं नाही. चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि कोरडंच घासलं. चीक गेला... आणि काचभर ओरखडे.

सोनू हसली. "भांडं आहे का ते? आता बघा त्यातून."

आठवड्याने तीच तापाने पडली. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर माणूस ओळखेना. लॉरी दारातच होती. तिला केबिनमध्ये बसवली, पलीकडून माझ्या बहिणीने, यमूने, धरली आणि डहाणूच्या दवाखान्याकडे निघालो.

चारोटीपर्यंत ठीक. तिथून रस्ता पश्चिमेला वळतो. ऊन समोरून आलं आणि एकेक ओरखडा पेटला. काच नुसती पांढरी. रस्त्यावर बैलगाड्या, माणसं... काहीच दिसेना. लॉरी कडेला घेतली. यमू चल चल करत होती. अर्धा तास मी सूर्य खाली जायची वाट बघत बसलो.

शेवटी राहवेना, तसाच निघालो. तेवढ्यात सोनूचा हात माझ्या समोरून आला. हिरव्या बांगड्या. पदराचं टोक धरून तिने आतून काच पुसली आणि हाताएवढी जागा स्वच्छ झाली. त्यातून गवताची गाडी दिसली, अगदी पुढ्यात. मी स्टिअरिंग मारलं, वाचलो.

म्हटलं, "बस, दिसतंय मला."

 त्या जागेतून बघतच दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तिचे डोळे उघडून पाहिले. म्हणाले, "बाईंना जाऊन तासाच्या वर झाला."

मी यमूला म्हटलं, आत्ता तर काच पुसली तिने. यमू रडत म्हणाली, "दादा, चारोटीपासून तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते. गार लागत होते... मला वाटलं वाऱ्याने."

दुसऱ्या दिवशी काच पाहिली. ओरखडे बाहेरून होते, तिने पुसली आतून. तरी तेवढ्या जागेत एक रेघ नाही. फिटरला दाखवली. तो म्हणाला, ओरखडा पुसला जात नाही, आजूबाजूची काच झिजवावी लागते. हे फडक्याचं काम नाही.

मग कशाचं? मला माहीत नाही. लोक म्हणतात, बघा, गेल्यावरही तिने तुम्हाला वाचवलं. मला राग येतो. वाचून केलं काय मी? सगळी वर्षं तिला एकच विचारतो... पुसायचीच होती, तर चारोटीला मी तो अर्धा तास घालवला तेव्हा का नाही पुसलीस?