मामी, मामा आणि रंगाचं मशीन

पन्हाळा किल्ला रंगवून द्याल का, असं उद्या कुणी माझ्या मामीला विचारलं, तर ती फक्त एवढंच म्हणेल, "लाईट कुठनं घ्यायची?" किल्ला केवढा, तट किती उंच, असले प्रश्न तिला पडत नाहीत. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: रंगवून झालेल्या आणि रंगवायच्या राहिलेल्या. गडमुडशिंगी आणि आसपासच्या गावांतली गोदामं, पोल्ट्रीची शेड, मंगल कार्यालयं तिने विजेवर चालणाऱ्या स्प्रे मशीनने रंगवून काढली आहेत. चाकांच्या गाड्यावर एक पंप, त्याची सोंड रंगाच्या डब्यात, दुसऱ्या बाजूला लांबलचक नळी आणि नळीच्या टोकाला बंदूक. बटण दाबलं की पंप रंग ओढतो आणि बंदुकीतून तो पंख्यासारखा पसरत भिंतीवर जातो. ब्रशवाले जिथे अजून शिडी कुठे लावायची यावर बोलत असतात, तिथे मामी हात धुऊन जेवायला बसलेली असते.

खरे रंगारी आमचे मामा. निम्म्या गावाची दारं-खिडक्या त्यांच्या ब्रशाखालून गेलेली. मामी म्हशी सांभाळायची आणि त्यांना रंग कालवून द्यायची. पुढे मामांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना, तेव्हा डॉक्टरांनी शिडी बंद केली आणि मामा ओट्यावर बसून राहिले. अशातच मामी एका फौंड्रीच्या कॅन्टीनला दूध घालायला गेली. तिथे शेड रंगवणाऱ्या माणसाच्या हातात तिने हे यंत्र पाहिलं आणि किटली खाली ठेवून उभी राहिली, ती दूध नासेपर्यंत. थोड्याच दिवसांत दावणीच्या दोन म्हशी गेल्या आणि मशीन आलं. मामांनी म्हशींबद्दल चकार शब्द काढला नाही. पण मशीनकडे पाठ करून बसले. "भिताडावर पिचकारी मारायची म्हंजे रंगकाम व्हय? शिमगा हाय काय?" बायकोने नवऱ्यावर सवत आणल्याचं जगातलं हे एकमेव उदाहरण असावं.

पहिला प्रयोग गोठ्यावर झाला. ऐन वेळी वारा फिरला आणि उरलेल्या म्हशींतली एक डाव्या अंगाने पांढरीशुभ्र झाली. दुसऱ्या कुणी मशीन परत केलं असतं. मामी म्हणाली, "बरं झालं, गर्दीत वळखू येती आता," आणि वाऱ्याचा अंदाज घ्यायला त्या दिवसापासून ती पदराचं टोक धरून उभी राहायला लागली. मशीन तिने म्हशीसारखंच सांभाळलं. काम संपलं की नळीतून स्वच्छ पाणी येईपर्यंत ते धुवायचं, त्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. बंदुकीच्या तोंडाजवळ कुणी बोट नेलं तर ती अशी ओरडते की माणूस बोटासकट अंगणाबाहेर जातो. "त्यो रंग कातड्यातनं आत घुसतोय, पावणं! वरनं टिकलीएवढं दिसंल आनी बोट कापाय लागंल!" हे मात्र अतिशयोक्ती नाही, खरंच आहे.

रंगात एखादी गुठळी राहिली तरी बंदुकीचं तोंड तुंबतं, म्हणून ती रंग जुन्या नायलॉनच्या साडीतून गाळते. परिणामी नात्यातल्या बायका तिच्यासमोर नायलॉन नेसून यायला बिचकतात. माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात तिने माझ्या बायकोचा पदर दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि प्रेमाने सांगितलं, "फाटली की मला दे गं. जाळी झ्याक हाय हिची." दवाखान्यात कुणाला भेटायला गेली की आधी छताकडे बघणार, मग पेशंटकडे. भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, मनगट न वाकवता सबंध हात सरळ फिरवायची सवय तिच्या अंगात इतकी मुरली आहे की पंगतीत भातसुद्धा ती याच पद्धतीने वाढते. कुणाच्या पानात कमी नाही, कुणाच्या जास्त नाही.

मशीन येऊन वर्ष व्हायच्या आत जोतिबाच्या डोंगरावर यात्रेकरूंसाठी बांधलेल्या एका जुन्या भक्तनिवासाचं काम निघालं. चैत्राची यात्रा तोंडावर आलेली. व्यवस्था बघणाऱ्या आण्णांनी मामीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बाई मारनार रंग? यात्रंच्या आत हुईल का न्हाई?"

"बाई कुठं, मशीन मारनार हाय. बाई निस्ती धरनार," मामी म्हणाली. "तुमी खोल्या रिकाम्या करा की."

गाडी माझी असल्यामुळे मीही सोबत होतो. आतलं छत आणि खोल्या मामीने अशा उरकल्या की आण्णा आपणहून चहा घेऊन आले. डोंगरावरचा वारा उठायच्या आत, उजाडता उजाडता बाहेरची भिंत धरायची असं ठरलं. पण आतापर्यंत तिने मारलेले पत्रे आणि गोदामं सगळी गुळगुळीत होती. ही भिंत दगडी, वरचा गिलावा खडबडीत. रंग वरवर बसला आणि ऊन तिरपं पडल्यावर प्रत्येक खळग्यातून जुना मळका रंग डोकावायला लागला. सगळ्या भिंतीला देवी आल्यासारखं दिसत होतं. मामीने दुसरा हात मारला. तेच. आण्णा म्हणाले, "वैनी, दुसरी मानसं बोलवू का? देवाचं काम हाय."

मामीने मशीन बंद केलं. बंदुकीचा खटका लावून ती पायरीवर बसली. तिला मी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने फोन मागितला. "अवो, भित रंग धरंना. येतासा का?" एवढंच बोलली.

मामा दुपारच्या एसटीने आले. काखेत फडक्यात गुंडाळलेले ब्रश. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरून डावा तळवा फिरवला. मग आण्णांना म्हणाले, "एक रोलर बगा आनी लांब काठी." मी चकितच झालो, कारण रोलरला मामांनी जन्मात हात लावला नव्हता, आळशी माणसाचा ब्रश म्हणायचे त्याला. त्यांनी रोलर काठीला घट्ट बांधला, काठी कमरेशी धरली आणि मामीला म्हणाले, "तू म्होरं मार. वलं असतानाच मी मागनं फिरवतो. दमानं घे."

मामी पुढे, मामा मागे. ती रंग घालत होती, तो ओला आहे तोवर मामा काठीने रोलर वर रेटत खळग्यांत दाबत होते. खांदा वर न्यावा लागतच नव्हता. सगळा जोर कमरेचा आणि पायांचा. वारा उठला की थांबायचं, मामा तेवढ्यात ब्रश घेऊन खिडक्यांच्या कडा मारायचे. यात्रेच्या आदल्या दिवशी भिंत पुरी झाली. आण्णांनी सगळ्यांदेखत मामांना मानाचा नारळ दिला. मामांनी तो मामीच्या ओटीत टाकला.

यात्रा झाल्यावर आम्ही दर्शनाला गेलो. भक्तनिवास माणसाच्या उंचीपर्यंत गुलालाने गुलाबी झालेला, पंजे, पाठी, खांदे टेकल्याच्या खुणा. वरती मात्र पांढरा रंग तसाच. मामा बराच वेळ वर बघत राहिले. "माझा हात तिथवर कवा गेलाच नसता आता," ते म्हणाले. "मशीन बरं हाय तुजं." मामी त्यांच्या सदऱ्यावरचा गुलाल झटकत राहिली.

पुढे बरीच कामं दोघांनी मिळून केली. आता मामांचे गुडघेही गेले. मामी दोन गडी घेऊन जाते, रोलर ते फिरवतात. सकाळी मामा ओट्यावर बसून तिला रंग गाळून देतात. परवा मी गेलो होतो, तेव्हा ती एका साखर गोदामाचं काम पुरं करून आली होती. मामांनी विचारलं, "कशी झाली भित?"

मशीनची नळी गुंडाळता गुंडाळता मामी जरा थांबली. "चांगली झाली," ती म्हणाली. "पर तुमी बघाय पायजे हुतासा."