अर्धा ठोका उशिरा

किस्से एकेकटे येत नाहीत. एक सांगायला बसलं की मागून चार ढकलाढकली करत येतात. त्यातला कुठला घडलेला आणि कुठला मी मागाहून सजवलेला, हे हल्ली मला खात्रीने सांगता येत नाही. साधी गोष्ट : कमरूभाईंचा कुठला पाय लुळा होता, डावा की उजवा? आयुष्यभर कुवेतमध्ये डॉक्टरकी केलेल्या माणसाने असं विचारणं बरं नव्हे. डावा धरून चालतो. चूक असेल तर माझी.

कमरूभाई रत्नागिरीकडचे. कुवेतमधल्या जाब्रिया भागात त्यांचा बकाला होता. आपण किराणा दुकान म्हणू. अर्धांगवायूचा झटका आला आणि ते व्हीलचेअरवर आले. गावी मुलीचा निकाह सहा महिन्यांवर. त्यांचा हट्ट एकच : "स्टेजपर्यंत मी चालत जानार. चाकावर नाय!"

व्यायाम करून थकले, तेव्हा कुणीतरी अकोसुआ सिस्टरचं नाव काढलं. घानाची नर्स. दर शुक्रवारी सकाळी एका हॉलमध्ये ती आपल्या देशाचे ढोल मांडून बसायची. घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर, एकटे पडलेले म्हातारे, कुणीही यावं आणि वाजवावं.

*

कमरूभाईंना सोबत म्हणून मी गेलो. वही-पेन घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो, निरीक्षण करायला.

सिस्टरने वही काढून घेतली आणि पुढ्यात ढोल ठेवला. हॉस्पिटलात शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडे नुसतं बघायला कुणी येत नाही. मयतालासुद्धा नाचावं लागतं!"

*

घानात माणसाला जन्मवारावरून नाव देतात. अकोसुआ म्हणजे रविवारची. आम्हालाही नावं द्यावीत म्हणून ती जन्मतारखा लिहून घ्यायला लागली.

कमरूभाई म्हणाले, "एक जून."

शेजारी लातूरचे देशमुख, लॅब टेक्निशियन. "एक जून."

मी मान खाली घालून म्हणालो, "एक जून."

आमच्या वेळी शाळेत नाव घालताना तारीख गुरुजीच ठरवायचे, हे तिला कोण सांगणार! तिने बोटांवर नऊ महिने मागे मोजले आणि पेन खाली ठेवलं.

"तुमच्या देशात सप्टेंबरमध्ये नक्की काय असतं?"

*

माझा ठोका मात्र उशिरा पडायचा. सगळे वाजवून मोकळे झाले की अर्ध्या क्षणाने माझा एकट्याचा 'धब'! मी तालावरचे तीन शोधनिबंध वाचले. उशीर वाढला.

नात एकदा सोबत आली होती. घरी जाताना म्हणाली, "आजोबा, यू आर बफरिंग!"

*

कमरूभाई आता वॉकर धरून ढोलांच्या तालावर पावलं टाकू लागले होते. माझ्या ठोक्याने ते अडखळून पडले तर? रात्ररात्र झोप लागेना. शेवटी मी राजीनामा लिहिला, कच्चा आणि पक्का असे दोन खर्डे करून.

सिस्टरने तो वाचलाच नाही. चार घड्या घातल्या आणि माझ्या डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला.

"आता बसा नीट. सगळे एकदम ठोकतात त्याला आम्ही ढोल म्हणत नाही, दार ठोकणं म्हणतो!"

*

गावी निघायच्या आधीचा शुक्रवार. कमरूभाईंनी वॉकर सोडला. दारापासून समोरच्या खुर्चीपर्यंत एकट्याने चालायचं होतं. त्यांची बायको, जैबुनभाभी, भिंतीला टेकून पुटपुटत होती. ढोल सुरू झाले. मी ठरवलं, आज आपण वाजवायचं नाही. हात मांडीखाली दाबून बसलो.

कमरूभाईंनी उजवं पाऊल टाकलं. डावा पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. ढोल वाजताहेत, पाय हवेत, माणूस झुलतोय! देशमुख धरायला धावले.

"धरू नका!" कमरूभाई ओरडले. मग मान माझ्याकडे वळवली. "ओ डॉक्टरसाब, मेलात काय? हा पाय तुमच्याच ठोक्यावर पडतो. वाजवा!"

मी हात सोडवले. धब! पाय खाली आला. धब! पुन्हा डावा. अशा बारा धबांत ते खुर्चीशी पोचले आणि बसलेच नाहीत.

*

लग्नाला मला जाता आलं नाही. इतक्या वर्षांनी, हे इथवर लिहून झाल्यावर, रत्नागिरीला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मोहल्ल्यातली मंडळी दफ वाजवताहेत आणि कमरूभाई स्टेजकडे चालताहेत. मी चष्मा पुसून तीनदा पाहिला.

पाय डावाच होता. आणि शेजारून जैबुनभाभी टाळी वाजवत चालली होती, दर वेळी अर्धा ठोका उशिरा.