घरातला तक्रार अधिकारी

गुणाकररावांचा राग कायम नाकावर, हे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात पुष्कळांना ठाऊक होतं. नोकरी होती तोवर तो राग ऑफिसात खर्ची पडायचा. निवृत्त झाले आणि त्यांनी तो सगळाच्या सगळा घरात आणून ठेवला.

आबकारी खात्यात हयात गेली होती. चढत चढत ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, झाले आणि तिथंच अडकले. त्यांच्या टेबलापाशी उभं राहून काम शिकलेली पोरं साहेब होऊन जीपमधून फिरू लागली. हे मात्र बडे बाबू म्हणूनच गळ्यात हार घालून घरी आले. नावापुढं ‘अधिकारी’ हा शब्द काही लागला नाही. हे दुःख ते कुणापाशी बोलत नसत, पण बायकोला, प्रेमलताला, ते तोंडपाठ होतं.

खात्यात त्यांच्याकडं जप्तीचे कागद असायचे. पकडलेली मोहाची दारू कुठल्या कलमात बसते, कुठल्या रकान्यात लिहायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि एका गोष्टीचा त्यांना फार गर्व होता. दारूच काय, मोहाचं साधं फूलसुद्धा त्यांनी कधी जिभेला लावलं नव्हतं. “जप्तीचा माल चाखाचा नसते,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि ऐकणारा पुरेसा भारावला नाही तर पुन्हा सांगायचे.

अबोली त्यांची एकुलती एक मुलगी. नागपूरला एका कंपनीत तिची बरी नोकरी होती. ती सोडून आली आणि माडीवरच्या खोलीत बसून मोबाईलवरचा खेळ बनवायला लागली. एकटीच. चित्रं तिची, सगळी जुळणी तिची, आवाज तिचे. खेळातलं अस्वल गुरगुरतं तेही तिच्याच गळ्यातून. ती गुरगुर जिन्यावरून खाली ऐकू यायची आणि गुणाकररावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“लोकायच्या पोरी कलेक्टर होऊन राह्यल्या, अन् आमची खेळ बनवून राह्यली!”

“बाबा, हेही कामच आहे.”

“काम? कामाले साहेब असते, हजेरी असते. तुही हजेरी कोण घेते? अस्वल?”

खेळाचं नाव होतं ‘अस्वलाच्या आधी’. परसवाड्याकडच्या जंगलातली एक लहान पोर पहाटे टोपली घेऊन मोहाची फुलं वेचायला जाते. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. बंदूक नाही, दगड नाही. अस्वल आलं की गप्प उभं राहायचं, ते गेलं की वेचायचं. अबोली स्वतः मोहाखाली जाऊन बसली होती, वाळलेल्या पानांवर फूल पडतानाचा आवाज फोनमध्ये भरून आणला होता. तीन वर्षं त्यात गेली. शेवटी नागपूरच्या एका संस्थेला खेळ आवडला. परसवाड्याच्या बाजूच्या आश्रमशाळांना ते टॅब वाटणार होते, आणि त्यात हा खेळ घालायचा त्यांनी ठरवलं. अट एकच होती: खेळावर ‘सर्व वयोगटांसाठी’ असा शिक्का पाहिजे.

त्याच सुमारास सरकारचे नवे नियम आले. खेळात रक्त आहे का, भूत आहे का, नशा आहे का, जुगार आहे का, सगळं सांगा. मग वर्गीकरण होईल. शिवाय एक तक्रार निवारण अधिकारी दाखवा, नावपत्त्यासकट. हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं काचेच्या इमारती असणार, मजल्यामजल्यावर वकील बसलेले. पलंगावर मांडी घालून उशीवर लॅपटॉप ठेवणारी अबोली त्यांना दिसली नाही. दिसली असती तरी त्यांनी एक ओळ बदलली असती असं समजायचं कारण नाही. बदकन शिक्का मारायला आणि एकटी पोर दाबायला त्यांना सारखाच वेळ लागतो.

अबोलीनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, शिक्का मिळवला, आणि एक दिवस लॅपटॉप घेऊन खाली आली.

“बाबा, तक्रार निवारण अधिकारी म्हणून तुमचं नाव लावू का?”

गुणाकरराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

“अधिकारी?”

“हौ. तक्रार आली तर उत्तर द्याचं. येणार तर काही नाही.”

“लेखी दे.”

तिनं लेखी दिलं. तिला वाटलं, गंमत झाली. दुसऱ्या दिवशी गुणाकरराव काली पुतली चौकातून शिक्का करून घेऊन आले, गोल, नावासकट. आठवड्यात फाटकावर पाटी लागली. इस्त्रीचा शर्ट घालून ते ऑफिसच्या वेळेला व्हरांड्यात खुर्चीवर बसू लागले, आणि संध्याकाळी मुलीला विचारू लागले, “काही आलं?” काही आलेलं नसायचं. अबोलीला हसू यायचं, पण घरातली आदळआपट थांबली होती. प्रेमलता म्हणाली, “बरं वाटून राह्यलं त्याईले. हसू नको.”

आणि मग लांजीहून एक तक्रार आली. बाबूलाल नावाच्या कुणा गृहस्थांनी हिंदीत लिहिलं होतं: बच्चों से खेल में महुआ बिनवाना ठीक नहीं, आगे चलकर यही बच्चे भट्ठी लगाएँगे. अबोलीनं ती छापून आणली आणि हसत हसत बापापुढं ठेवली.

“घ्या बाबा, बोहनी झाली! मी संस्थेच्या मीटिंगले नागपूरले चालली. दोन ओळीचं उत्तर लिहून ठेवा, आली की पाठवते.”

ती बसनं गेली. गुणाकररावांनी चष्मा पुसला. कागद वाचला, पुन्हा वाचला. इतक्या दिवसांनी हातात प्रकरण आलं होतं. मोह. मोहाचं कलम त्यांना झोपेतही म्हणता आलं असतं.

“अहो, एकदा खेळून तर पाहा तो खेळ,” प्रेमलता म्हणाली. “पोरीनं फोनमंधी टाकून देला आहे.”

“जप्तीचा माल चाखाचा नसते.”

“हे काय जप्तीचं आहे? घरचं आहे!”

“म्हणूनच नाही पाहाचं. घरचं पाह्यलं की हात सैल पडते.”

त्यांनी हिंदीत निकाल लिहिला, खात्यात लिहायचे तसाच. महुआ मादक द्रव्य का मूल है, अतः यह खेल अवयस्कों हेतु उपयुक्त नहीं. लिहिताना त्यांना फार बरं वाटलं. खाली नाव, नावाखाली ‘अधिकारी’. त्यात तत्त्व होतं हे खरं. पण खुन्नसही होती. साहेब नसलेल्या, हजेरी नसलेल्या पोरीला एकदा कळू दे नियम म्हणजे काय, हेही त्यांच्या मनात होतंच. शिक्का त्यांनी असा दाबला की मेजावरचा पेला हलला.

बडे बाबूंचा कागद एका जागी कधी जातो का? प्रीतमच्या कम्प्युटरच्या दुकानात बसून त्यांनी तो सगळ्यांना पाठवायला लावला. खाली ‘प्रतिलिपि सूचनार्थ’ म्हणून यादी: वर्गीकरण करणारे, नागपूरची संस्था, लांजीचे बाबूलालजी, आणि सगळ्यांत शेवटी खेळाची निर्माती, म्हणजे त्यांच्याच घरात माडीवर राहणारी मुलगी. प्रीतमनं विचारलं, “काका, पक्का भेजूँ?” काका म्हणाले, “शासकीय काम में पक्का-कच्चा नहीं होता.” शासनानं यातलं काहीही त्यांना करायला सांगितलं नव्हतं.

अबोली संस्थेच्या ऑफिसात सहीला बसली होती. समोरच्या बाईंनी लॅपटॉप तिच्याकडं वळवला. पडद्यावर बापाचा गोल शिक्का होता.

“तुमच्याच अधिकाऱ्यांनी मुलांसाठी योग्य नाही म्हटलंय,” बाई म्हणाल्या. “आम्ही कसं घेणार, सांगा.”

ती घरी आली ती चप्पल न काढता व्हरांड्यात उभी राहिली.

“तुमी पाठवलं हे?”

“अधिकाऱ्यानं निर्णय देला.”

“त्या अधिकाऱ्याले मी नेमलं होतं!”

“नेमणाऱ्याच्या बाजूनंच निकाल द्याचा असते काय? मंग अधिकारी कायले पायजे? हमाल ठेव.”

“तीन वर्षं, बाबा. तीन वर्षं मी ते अस्वल चालवून राह्यली. तुमी एका कागदानं मारून टाकलं.”

“आवाज खाली. मी ड्युटीवर आहे.”

अबोलीनं फाटकावरच्या पाटीकडं पाहिलं, मग बापाकडं, आणि माडीवर गेली. तिला त्या क्षणी त्यांचा तिटकारा आला, आणि तो तिनं लपवला नाही.

वर्गीकरणवाल्यांनी मात्र कमालीची तत्परता दाखवली. शिक्का देताना महिने लावले होते. काढताना चहा निवायच्या आत काढला. ‘अस्वलाच्या आधी’ला अठराच्या वरचा शिक्का बसला, आणि टोपली घेतलेली ती पोर पत्त्यांच्या आणि गोळीबाराच्या खेळांमध्ये जाऊन पडली. अबोलीनं अर्ज केले. उत्तर आलं की निर्मात्याच्या स्वतःच्या अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय असताना फेरविचाराचं कारण दिसत नाही. संस्थेनं टॅबमध्ये फुगे फोडायचा एक खेळ घातला आणि टॅब शाळांना वाटून टाकले.

घरात बोलणं बंद झालं. अबोली बाप जेवून उठल्यावर खाली यायची. गुणाकरराव शर्टाला इस्त्री करून व्हरांड्यात बसतच राहिले. ‘काही आलं?’ हे ज्याला विचारावं असं आता कुणी नव्हतं.

श्रावण उतरताना हरछठ आली. हा उपास मूळचा त्यांच्या घरचा नव्हे. अबोली पाळण्यात होती तेव्हा शेजारणींचं पाहून प्रेमलतानं तो धरला होता. शेजारणी मुलग्यांसाठी धरत. हिनं मुलीसाठी धरला आणि कुणाचं ऐकलं नाही. नांगरलेल्या शेतातलं काही खायचं नाही. आपोआप उगवलेला पसईचा तांदूळ, म्हशीचं दही आणि शिजवलेला मोह. दरवर्षी उपास सोडताना ती मोहाचं पहिलं फूल लेकीच्या तोंडात घाले. दरवर्षी गुणाकरराव त्या वेळी पेपर वाचत असत.

त्या वर्षी प्रेमलतानं ताट थेट व्हरांड्यात आणलं आणि त्यांच्या मेजावर, शिक्क्याशेजारी, ठेवलं.

“अबोलीचे बाबा, पंचनामा करा.”

“हे काय नाटक आहे?”

“मोह आहे. तुमच्या हुकमानं लेकराले वर्ज्य. मी माही पोर रांगतही नव्हती तवापासून तिच्या तोंडात घालून राह्यली. लिवा माह्यावर केस.”

“उपासाची गोष्ट वेगळी. खेळात दारूचं—”

“खेळात हेच आहे!” अबोली जिन्यात उभी होती. कितीतरी दिवसांनी ती बापाशी बोलत होती, आणि बोलत नव्हती, तोडत होती. “पोरगी फुलं वेचते, घरी आणते. तिची माय हरछठ सोडते अन् पयलं फूल पोरीच्या तोंडात घालते. तिथं खेळ संपते. दारू कुठं दिसली तुमाले?”

गुणाकररावांनी चष्मा काढला.

“शेवटी... असं आहे त्यात?”

अबोलीचं तोंड उघडंच राहिलं. “तुमी खेळलेच नाही?”

प्रेमलतानं कपाळाला हात लावला. गुणाकररावांनी शर्टाची बाही नीट केली आणि उरलासुरला रुबाब गोळा केला.

“नियमाले अधिकारी पायजे होता म्हणून तू मले नेमलं. नेमला माणूस आपल्या पद्धतीनं—”

“नियमाले माह्यं सोताचं नाव चाललं असतं.”

“अबोली, चूप बस,” प्रेमलता म्हणाली.

“काहून चूप बसू? चाललं असतं, बाबा. तिथं लिहूनच होतं. आई म्हणे, तुह्या बाबाच्या नावापुढं अधिकारी कधी लागलं नाही, तू लावून दे. म्हणून लावलं. दुसरं काही कारण नोतं.”

गुणाकररावांनी बायकोकडं पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही. हयातभरात अधिकारीपद एकदाच मिळालं, आणि तेही कीव करून दिलेलं. सवयीनं त्यांच्या तोंडून सवयीचंच वाक्य निघालं.

“तुही तक्रार असंन तर... लेखी दे.”

अबोली खाली आली. त्यांच्याच मेजावरचा कागद ओढला आणि उभ्यानंच लिहिलं: तक्रार निवारण अधिकाऱ्यानं खेळ न पाहता निकाल दिला. कागद तिनं ताटाशेजारी टाकला.

गुणाकररावांनी तो वाचला. शिक्का उचलला, मारला. खाली लिहिलं, ‘तक्रार खरी आहे’, आणि सही केली. ‘अधिकारी’ हा शब्द या वेळी लिहिला नाही.

“हे पाठवतो,” ते म्हणाले. “सगळ्याइले.”

“कोणाले? शाळेत पोरं फुगे फोडून राह्यले आता. ठेवा तुमच्यापाशीच. सूचनार्थ.”

प्रेमलतानं ताटातलं एक फूल उचलून लेकीच्या तोंडात घातलं. अबोलीनं ते खाल्लं आणि ती वर निघून गेली. गुणाकरराव ताटाकडं बघत राहिले. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी मोहाकडं हात पुढं केला.

प्रेमलतानं ताट उचललं.

“जप्तीचा माल चाखाचा नसते,” ती म्हणाली आणि आत गेली.