दोघं सोबत आले की

माझे पप्पा सौंसरच्या ठाण्यात हवालदार आहेत. रस्त्यावर कोणी अपघातात गेलं की घरच्यांना सांगायचं काम बहुतेक वेळा त्यांच्याकडेच येतं. घर बौद्धांचं असेल तर ते विहारातल्या भंतेजींना सोबत नेतात. गल्लीत हे दोघं एकत्र दिसले की बाया आधीच रडायला लागतात. त्या दोघांना मात्र कोणासमोर रडता येत नाही. नंतर ते विहाराच्या पायरीवर बसून आपसात काय ते बोलायचे.

मागच्या महिन्यात एका सकाळी पप्पा भंतेजींना चहाला घरी घेऊन आले. आईने फाटकात दोघांना पाहिलं आणि ती धावतच पुढे आली. दादा रोज बाइकने नागपूरला जातो.

"माह्या पोराले काय झालं?"

"काही नाही झालं वं. बस, पाणी पी."

पण पप्पा प्रत्येक घरी सुरुवात अशीच करतात, हे तिला माहीत होतं. मी दादाला फोन लावून तिच्या कानाशी धरला, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

भंतेजी अजून फाटकातच उभे होते. "आता आपण कामाशिवाय सोबत दिसाचं नाही जी, हवालदार साहेब."

"मंग मी बोलू कोणाजवळ?" पप्पांनी विचारलं.

"मले बी कोणी नाही," म्हणून ते चहा न घेताच गेले.

आता ड्यूटीवरून आल्यावर पप्पा वर्दीतच बसून राहतात. मी बाजूला बसते. पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवते.